एका टाइमआउटसाठी आभार

प्रिय कोच,

हे पत्र मराठीत लिहितेय, कारण मनातलं सगळं मला मराठीतच नीट सांगता येतं. लेक तुम्हाला सर्बियनमध्ये वाचून दाखवेल. तुमचं नाव मुद्दाम लिहीत नाही. स्वतःचा गाजावाजा तुम्हाला खपत नाही, हे बेलग्रेडमधल्या तुमच्या सगळ्या मुलींना ठाऊक आहे.

माझ्या मुलीला टाइप 1 मधुमेह आहे. हे कळल्यावर आधीच्या बास्केटबॉल क्लबने डॉक्टरांचं पत्र मागितलं. ते दिलं, तर विम्याची अडचण निघाली. शेवटी तिथले प्रशिक्षक सगळ्या मुलींसमोर म्हणाले, हिला बुद्धिबळाला घाला. घरी येऊन तिने बूट पलंगाखाली ढकलले. त्या माणसाबद्दल मला आजही चांगलं बोलवत नाही.

तुम्ही एवढंच विचारलंत, "शुगर उतरली की तिला काय होतं?" आधी पाय जड होतात, मी म्हटलं.

मग तो सामना. शेवटचा क्वार्टर, आपण चार गुणांनी पुढे, मुली नुसत्या सुटल्या होत्या. गॅलरीत माझ्या फोनवर तिच्या शुगर मोजणाऱ्या सेन्सरचा बाण खाली वळला. मी उठेपर्यंत तुम्ही टाइमआउट घेतलात. बाकीचे पालक वैतागले. लय लागलेली असताना कोण टाइमआउट घेतं? तुम्ही बोर्डवर रेघा ओढत होतात आणि दुसऱ्या हाताने बॅगेतून ज्यूसचे पॅक काढत होतात. एक नाही, पाच. पाचही मुली प्यायल्या. कुणासाठी काय चाललंय, हे समोरच्या संघालाच काय, आपल्या बेंचलाही कळलं नाही. ती परत धावताना मागे पडतेय, हे तुम्ही फोनशिवाय ओळखलं होतंत.

सामना आपण दोन गुणांनी हरलो. त्या टाइमआउटबद्दल तुम्ही चकार शब्द काढला नाहीत, तिच्याजवळही नाही. घरी आल्यावर तीच म्हणाली, "आई, कोचनी सगळ्यांना दिलं."

ऐन उमेदीत दार बंद होणं म्हणजे काय, हे तुम्ही भोगलंय. 1988 मध्ये सोलला युगोस्लाव्हियाच्या मुलींनी बास्केटबॉलमध्ये ऑलिंपिकचं रौप्य आणलं, तेव्हा तुम्ही शाळकरी होतात आणि तेच स्वप्न घेऊन पॉइंट गार्ड, म्हणजे संघाचा खेळ रचणारी खेळाडू, झालात. मे 1992 मध्ये युगोस्लाव्हियावर संयुक्त राष्ट्रांचे निर्बंध आले. बार्सिलोना ऑलिंपिकला वैयक्तिक खेळांतले खेळाडू तरी देशाच्या झेंड्याविना उतरले. सांघिक खेळांना तेही नाही. युरोपातल्या स्पर्धाही बंद. निर्बंध उठेपर्यंत तुमचा गुडघा गेला होता. तुम्ही कडवट झाला असतात, तरी कुणी नाव ठेवलं नसतं.

तुम्ही मुलींना शिकवायला घेतलंत. 2015 मध्ये बुडापेस्टला प्रशिक्षक मारिना माल्कोविचच्या सर्बियन संघाने फ्रान्सला हरवून युरोपचं अजिंक्यपद जिंकलं. पुढच्याच वर्षी रिओत, सर्बियाच्या मुलींच्या पहिल्याच ऑलिंपिकमध्ये, कांस्य. त्याबद्दल बोलताना तुमचा आवाज चढतो. स्वतःच्या खेळाचं विचारलं की दोन वाक्यांत आटोपता. ज्याचं हिरावलं गेलं, त्याने दुसऱ्याला भरभरून द्यावं, हे फार थोड्यांना जमतं. अशी माणसं आहेत म्हणून परक्या शहरातही लेकरू निर्धास्त सोडता येतं.

पुढच्या हंगामात ज्यूसचा सगळा खर्च माझ्याकडे. यावर वाद घालू नका.

तुमची ऋणी,
आठ नंबरची आई