आडनावाविषयी, आणि थोडे तुमच्या औषधांविषयी

मुंबई, रविवार

तीर्थरूप बाबा आणि सौ. आई यांस साष्टांग नमस्कार.

फोनवर हे सांगायला दोनदा सुरुवात केली आणि दोन्ही वेळा आईच्या गुडघ्यांची चौकशी करून फोन ठेवला, म्हणून लिहिते आहे. त्या करारावर मी मंगळवारी सही केली. चार गाणी आहेत, पॉपच आहेत, आणि एका मालिकेत छोटी भूमिका आहे. गाण्यांवर माझे नाव नुसते ‘मृण्मयी’ असे येईल. आडनाव येणार नाही.

बाबा, येथे तुम्ही चष्मा काढून ठेवाल. कृपा करून तो पुन्हा लावा, कारण आपल्या नावाची मला लाज वाटते असा अर्थ तुम्ही काढाल आणि तो अगदी चुकीचा आहे. कंपनीला आडनावच हवे होते. ग्वाल्हेरच्या ख्यालगायकाची नात ठेक्यावर नाचते, एवढ्यावरच त्यांना जाहिरात करायची होती. आजोबांनी चाळीस वर्षे जे सांभाळले ते अशा कामासाठी वापरू देणे मला जमले नाही.

आईला सारिका आवडते, म्हणून तिच्याच मुलीचे सांगते. कमल हासनची मुलगी म्हणून कोणी ओळखू नये यासाठी श्रुती शाळेत पूजा रामचंद्रन या नावाने वावरत होती. सहा वर्षांची असताना, १९९२ मध्ये, वडिलांच्या ‘तेवर मगन’ या चित्रपटासाठी ती संगीतकार इळैयराजांकडे गायली; ते दार वडिलांमुळेच उघडले, हे मी नाकारत नाही. पण २००९ मध्ये तिचा ‘लक’ हा हिंदी चित्रपट पडला आणि नंतर तेलुगूतही सुरुवातीला यश आले नाही, तेव्हा पांढऱ्या पायाची म्हणून बोल लागले ते तिला एकटीला, आणि ‘गब्बर सिंग’ चालेपर्यंत, म्हणजे २०१२ पर्यंत, ते तिने सोसले. त्याच २००९ मध्ये वडिलांच्या ‘उन्नैपोल ओरुवन’ला तिने संगीत दिले होते, ते मात्र फारसे कोणी काढत नाही. कॅलिफोर्नियात जाऊन संगीत शिकलेली आणि २०२० मध्ये ‘एज’ हे स्वतःचे इंग्रजी गाणे काढणारी ही बाई आईच्या लेखी अजून नटीच आहे!

तिने शेवटी हासन हेच नाव लावले ना, असे बाबा म्हणतील. लावले, पण ते नाव सिनेमाचे होते आणि ती सिनेमातच उतरली. आपले नाव ख्यालाचे आहे आणि मी दुसऱ्या पेठेत चालले आहे. माझे गाणे पडले तर ते माझे एकटीचे पडावे, एवढेच मला वाटते.

माझी काळजी करू नका. खोलीत ऊन येते, डबा वेळेवर येतो आणि पोळ्या मऊ असतात. सकाळी खर्ज लावून बसते, मोबाइलमधल्या तानपुऱ्यावर का होईना. बाबांच्या तानपुऱ्याच्या भोपळ्याला कान लावून मी झोपून जात असे, आणि तुम्ही रियाज न थांबवता डाव्या हाताने माझ्या अंगावर शाल ओढत होता. ती घुमणारी झोप मला अजून कुठेच लागली नाही.

आता ऐका. आपल्या ग्वाल्हेरच्या लष्कर भागात थंडी पडली की बाबांनी पहाटे ओसरीवर बसायचे नाही. शेगडी आत घेऊन दार लावून झोपायचे नाही. रक्तदाबाची गोळी विसरून दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या नाहीत, आणि साखर तपासून होईपर्यंत बहादुराचे लाडू घरात आणायचे नाहीत, पाहुण्यांचे निमित्त करूनसुद्धा नाही. आई, तू बाजाराला महाराज बाड्यावर पायी जाऊ नकोस, रिक्षा कर. पैसे मी पाठवले आहेत आणि ते जपून ठेवण्यासाठी पाठवलेले नाहीत.

डिसेंबरात तानसेन समारोहाला मी येते आहे. हजिऱ्याला, तानसेनांच्या समाधीपाशी, सकाळच्या हरिकथेला आपण तिघे जाऊ, आजोबा न्यायचे तसे. पत्र पोचल्याचा फोन आईने लगेच करावा. बाबांनी राग उतरल्यावर केला तरी चालेल.

तुमची,
मिनू