पेटंट वाचावे ते दाव्यांपासून

संपादक महोदय,

मेमरी चिपच्या पेटंटबद्दल बोलताना अनेक जण शीर्षक आणि सारांश वाचून थांबतात. घोटाळा तिथेच होतो, कारण हक्काची व्याप्ती ठरते दाव्यांवरून, म्हणजे नेमका कशावर हक्क मागितला आहे ते सांगणाऱ्या पेटंटमधल्या क्रमांकित वाक्यांवरून. रॉबर्ट डेनार्ड यांचे १९६८चे डीरॅमचे (संगणकाच्या तात्पुरत्या मेमरीचे) अमेरिकी पेटंट घ्या: एका बिटसाठी एक ट्रान्झिस्टर, एक कपॅसिटर. कपॅसिटरमधला विद्युतभार गळतो, म्हणून तो सारखा भरावा लागतो. आजच्या चिपमध्येही साधारण दर ३२ ते ६४ मिलिसेकंदांत. स्वतंत्र दाव्यातला (दुसऱ्या दाव्यावर न टेकलेल्या दाव्यातला) एकेक घटक कागदावर उतरवून समोरच्या चिपशी ताडून पाहावा. एक घटक जरी नसला, तरी त्या दाव्याचे शब्दशः उल्लंघन होत नाही. मुदत सहसा अर्जापासून २० वर्षे. नूतनीकरण शुल्क थकले तर पेटंट आधीच संपते. तेव्हा पेटंट कार्यालयाच्या नोंदवहीतली सद्यस्थितीही तपासावीच.

– एक वाचक