तो माणूस उजवीकडेच का पळतो?

तीर्थरूप आई-बाबा यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर रोज बोलणे होतेच, पण आज जे सांगायचे आहे ते फोनवर दोन मिनिटांत उरकण्यासारखे नाही, म्हणून सविस्तर लिहीत आहे. गेल्या महिन्यात दादा कामानिमित्त बेंगळुरूला आला होता तेव्हा मुक्कामाला माझ्याकडेच होता, हे तुम्हाला ठाऊक आहे. त्या दिवसांत रात्रीची जेवणे आटोपली की आम्ही दोघे टीव्हीसमोर बसत असू आणि लहानपणीचा 'कॉन्ट्रा' खेळत असू. पहिल्या स्टेजपासून आठव्यापर्यंत तो आम्ही पूर्ण केला. बाबा, तुम्ही उन्हाळ्याच्या सुट्टीत आणून दिलेल्या त्या पांढऱ्या-लाल यंत्रावर पिवळी कॅसेट लावून आम्ही दुपारभर जो खेळत असू, ज्यात उघड्या अंगाचे दोन सैनिक बंदुका घेऊन जंगलातून पळत असत, तोच हा खेळ.

त्या काळात तुम्हा दोघांच्या या खेळाबद्दल दोन तक्रारी होत्या. आई, तू भाजी निवडत आमच्या मागे बसलेली असायचीस आणि मधूनच विचारायचीस, "हा माणूस सारखा उजवीकडेच का रे पळतो? घरी परत नाही का जायचं त्याला?" आणि बाबा, पडद्यावर गोळ्यांची गर्दी झाली की चित्र थरथरू लागे आणि तुम्ही म्हणायचात, "पिक्चर ट्यूब जाणार बघा आता." आम्ही दोघांनाही उत्तर दिले नाही, कारण आम्हालाही ते माहीत नव्हते. आता प्रोग्रॅमिंग हाच माझा पोटापाण्याचा व्यवसाय झाल्यावर हा खेळ पुन्हा हातात घेतला, तेव्हा त्या दोन्ही गोष्टींची कारणे तर समजलीच, पण त्याहून अधिक म्हणजे हा खेळ किती विचारपूर्वक आणि किती जिव्हाळ्याने घडवलेला आहे हे प्रथमच नीट दिसले. तुमची मुले तासन्‌तास नेमके काय करत होती, हे तुम्हाला कळावे असे मला मनापासून वाटते.

'कॉन्ट्रा' जपानच्या कोनामी या कंपनीने 1987 साली प्रथम आर्केडसाठी, म्हणजे नाणे टाकून खेळायच्या मोठ्या यंत्रांसाठी काढला, आणि 1988 साली तो निन्टेन्डोच्या घरगुती यंत्रावर आला. आपल्याकडे जे यंत्र होते ते त्या घरगुती यंत्राची नक्कल होते. त्या वेळी आपल्या बाजारात मिळणारी बहुतेक यंत्रे तशीच असत. कॅसेटला ना खोका होता ना माहितीपुस्तिका, त्यामुळे हे सैनिक कोण आणि कोणाशी लढत आहेत याचा आम्हाला पत्ता नव्हता. निळ्या पँटचा बिल आणि लाल पँटचा लान्स ही त्यांची नावेसुद्धा मला फार उशिरा कळली. मूळ जपानी कथेत हे सारे 2633 साली न्यूझीलंडजवळच्या गालुगा नावाच्या काल्पनिक द्वीपसमूहावर घडते आणि 'रेड फाल्कन' नावाच्या शत्रूचा तळ उद्ध्वस्त करायचा असतो. अमेरिकेत विकताना कंपनीने काळ बदलून तो वर्तमानातला केला आणि जागा दक्षिण अमेरिकेत नेली. युरोपात तर 1990 साली हाच खेळ 'प्रोबोटेक्टर' या नावाने आला आणि त्यात माणसांच्या जागी यंत्रमानव घातले गेले, कारण माणसांनी माणसांना मारण्याच्या चित्रणाबद्दल जर्मनीतले नियम कडक होते. म्हणजे जगाच्या तीन कोपऱ्यांतली मुले एकच खेळ तीन निरनिराळ्या कथांसह खेळत होती आणि आपल्या घरात तो कोणत्याही कथेशिवाय चालू होता. तरीही आमचे काही अडले नाही, कारण या खेळाला जे सांगायचे ते तो हालचालीतूनच सांगतो.

आई, आता तुझ्या प्रश्नाकडे येते. त्या मूळ यंत्राच्या आत पार्श्वभूमीचे चित्र मांडून ठेवण्यासाठी फक्त 2 किलोबाइट जागा होती, आणि तेवढ्या जागेत पडद्याएवढी दोनच चित्रे मावत. सैनिक पुढे सरकला की जो भाग डावीकडे पडद्याबाहेर जाई, त्याच्या जागेवर उजवीकडून येणाऱ्या नव्या जंगलाचे उभे पट्टे एकामागून एक लिहिले जात. दारातली कालची रांगोळी पुसून त्याच जागी आजची काढावी, तसे. कॉन्ट्राच्या कर्त्यांनी यापुढे जाऊन असे ठरवले की एकदा मागे पडलेला भाग खेळणाऱ्याला पुन्हा मिळणारच नाही. मागे वळायची सोय ठेवलेले खेळही त्याच यंत्रावर निघाले होते, म्हणजे हा नाइलाज नव्हता, ती त्यांची निवड होती. त्यामुळे खेळणाऱ्याला रेंगाळता येत नाही. शत्रू येतच राहतात, आणि थांबण्यापेक्षा पुढे जाणे बहुधा अधिक सुरक्षित असते.

शिवाय तो सारखा उजवीकडेच पळतो असेही नाही. दुसऱ्या आणि चौथ्या स्टेजमध्ये तो आपल्याकडे पाठ करून तळाच्या आतल्या खोल्यांमधून पडद्याच्या खोलीत शिरत जातो, आणि तिसरी स्टेज संपूर्णपणे वर चढण्याची आहे. तो धबधबा तुला आठवत असेल, कारण तेथेच आमची सर्वांत मोठी भांडणे होत आणि तू स्वयंपाकघरातून ओरडत येत असायचीस. त्या भांडणांचे कारण खेळाच्या रचनेतच होते. पडदा एकच आणि खेळणारे दोन; जो वर चढेल त्याच्याबरोबर पडदा वर सरकतो, आणि खाली राहिलेला पडद्याच्या खालच्या कडेबाहेर गेला की मरतो. क्षणापूर्वी ज्या दगडावर पाय ठेवला होता तो दगड खाली दिसेनासा झाला की तेथे मृत्यूच असतो. वरून धोंडे गडगडत येतात, पुलांवर ज्वाळा इकडून तिकडे फिरतात, दोन्ही बाजूंनी गोळ्या येतात, आणि या सगळ्यात प्रत्येक उडीआधी सोबत्याकडे बघावे लागते. दादा तेव्हा माझ्यासाठी थांबत नसे. या वेळी मात्र तो प्रत्येक कड्यावर थांबला, "ये," म्हणाला आणि मी शेजारी येऊन उभी राहिल्यावरच त्याने पुढची उडी मारली. धबधब्याच्या माथ्यापर्यंत आम्ही असे बरोबरीने चढलो. बाबा, त्या रात्री मला फार आनंद झाला, एवढेच लिहिते.

बाबा, तुमच्या थरथरणाऱ्या चित्राचे कारणही सांगते. पडद्यावर हलणाऱ्या वस्तू, म्हणजे सैनिक, गोळ्या, शत्रू, त्या यंत्रात छोट्या छोट्या तुकड्यांनी बनलेल्या असतात, आणि पडद्यावरच्या एका आडव्या रेषेत असे आठच तुकडे काढण्याची त्या यंत्राची क्षमता होती. दोन सैनिक, चार शत्रू आणि गोळ्यांचा पंखा एकाच उंचीवर आला की आठांची मर्यादा ओलांडली जाई, आणि उरलेले तुकडे दिसेनासे होत. एखादी गोळी कायमची अदृश्य राहिली असती तर खेळणाऱ्यावर अन्याय झाला असता, म्हणून कर्त्यांनी तुकड्यांना पाळीपाळीने पडद्यावर आणले: या क्षणी काही, पुढच्या क्षणी उरलेले. डोळ्याला ते लुकलुकल्यासारखे दिसे. आपल्या टीव्हीची पिक्चर ट्यूब अगदी ठणठणीत होती. ती थरथर म्हणजे खेळणाऱ्याला सगळे दिसावे यासाठी केलेली धडपड होती.

असा न्यायीपणा या खेळात जागोजागी आहे आणि मोठेपणी खेळताना मला त्याचेच सर्वांत अधिक कौतुक वाटले. वरवर पाहता हा खेळ निष्ठुर आहे. एक गोळी लागली की एक लाइफ गेली, आणि तिच्याबरोबर मिळवलेली चांगली बंदूकही गेली; सुरुवातीला लाइफ तीनच असतात. पण शत्रूच्या गोळ्या आपल्या गोळ्यांपेक्षा हळू येतात, त्यामुळे त्या पाहून हुकवता येतात. उडी मारताना सैनिक गुडघे पोटाशी घेऊन गोल कोलांटी घेतो आणि हवेत असतानाही त्याची दिशा बदलता येते. पहिल्या स्टेजच्या सुरुवातीलाच खाली पाणी आहे. त्यात उतरून खालचे बटण दाबून धरले की तो डोके पाण्याखाली घेतो, आणि तोपर्यंत त्याला कोणतीही गोळी लागत नाही. मात्र त्या अवस्थेत त्यालाही गोळी झाडता येत नाही. ही एवढीशी अट मला फार सुंदर वाटते, कारण तिच्यामुळे लपणे हा मार्ग होतो, पळवाट होत नाही. एका जागी ठाण मांडून बसलेले शत्रू कोठे असणार आणि बंदुकीचे अक्षर घेऊन उडणारी कुपी कोठे दिसणार, हेही ठरलेले असते, त्यामुळे लक्ष देऊन खेळणाऱ्याचे पाऊल दर वेळी थोडे पुढे पडते. अक्षरांपैकी आम्हाला हवे असे ते 'एस', ज्याने एका वेळी पाच गोळ्या पंख्यासारख्या पसरत. 'एल'चा लेसर जोरदार, पण घाईने पुन्हा बटण दाबले की निघालेला किरण मध्येच विरतो आणि नवा सुरू होतो. उतावळ्या माणसाने तो घेऊ नये, असे माझे अजूनही मत आहे.

संगीताबद्दल थोडक्यात सांगते, कारण ते ऐकल्याशिवाय कळणार नाही. त्या यंत्रात एका वेळी पाचच आवाज निघू शकत, आणि बंदुकीच्या, स्फोटाच्या आवाजांनाही त्या पाचांतच जागा करून द्यावी लागे. एवढ्या अडचणीतून पहिल्या स्टेजची जी सुरावट त्यांनी उभी केली ती दादा आजही दाढी करताना गुणगुणतो.

तीस लाइफची गोष्ट मात्र सांगायलाच हवी. आपल्या कॅसेटच्या यादीत 'कॉन्ट्रा' हे नाव पुन्हा पुन्हा येत असे, आणि त्यातल्या एखाद्या नोंदीवर गेले की भरपूर लाइफ मिळत. आम्ही ती नोंद वहीत लिहून ठेवली होती. मूळ खेळात यासाठी एक बटणांची गुप्त खूण होती: वर, वर, खाली, खाली, डावीकडे, उजवीकडे, डावीकडे, उजवीकडे, बी, ए. ही खूण कोनामीतल्या काझुहिसा हाशिमोतो यांनी बनवली, तीही कॉन्ट्रासाठी नव्हे. ते 1986 साली 'ग्रेडियस' नावाचा खेळ घरगुती यंत्रावर आणत होते, आणि तपासणीसाठी तो खेळताना त्यांना स्वतःलाच फार अवघड जात होता, म्हणून त्यांनी ही सोय करून घेतली. विक्रीला गेलेल्या खेळातही ती तशीच राहिली, आणि पुढे कॉन्ट्रामुळे जगभरातल्या मुलांना तोंडपाठ झाली. हाशिमोतो 2020 साली वारले. मी ज्या कामात आहे त्यात तपासणीचा कंटाळा आणि थकवा रोजचाच, म्हणून त्यांच्याबद्दल मला विशेष आपुलकी वाटते. अनेक जण या खुणेला फसवणूक म्हणतात, पण मला ते पटत नाही. तीन लाइफमध्ये पहिल्या स्टेजच्या पुढे न गेलेल्या मुलालाही धबधबा, बर्फाचे मैदान आणि शेवटचे ते धडधडणारे हृदय पाहायला मिळाले, यात कोणाचेच नुकसान झाले नाही.

आता हे सगळे खेळण्यासाठी जुने यंत्र शोधावे लागत नाही. कोनामीने 2019 साली या मालिकेतले जुने खेळ एकत्र करून नव्या यंत्रांसाठी प्रसिद्ध केले आहेत, आणि त्यात अमेरिकी व जपानी अशा दोन्ही आवृत्त्या आहेत. जपानी आवृत्तीत जंगलातली झाडे वाऱ्याने हलतात, बर्फाच्या मैदानावर खरोखर बर्फ पडतो, आणि दोन स्टेजच्या मध्ये नकाशा दिसतो. हे आम्ही दोघांनी पहिल्यांदाच पाहिले, आणि दादा पडणाऱ्या बर्फाकडे पाहत राहिला तेवढ्यात त्याची लाइफ गेली.

दिवाळीला येताना मी हे यंत्र दोन रिमोटसह घेऊन येणार आहे. बाबा, आपल्या टीव्हीच्या मागे सेट-टॉप बॉक्सची वायर जेथे लावली आहे, तिच्या शेजारी तशाच आकाराची आणखी एक खाच मोकळी आहे का, एवढे पाहून कळवा. टीव्ही ओढू नका, नुसता मोबाइलने फोटो काढून पाठवलात तरी चालेल. तीस लाइफची खूण मी आल्यावर घालून देईन. आई, तू लाल पँटचा लान्स घे. सुरुवातीला काही जमले नाही तरी पाण्यात उतर आणि खालचे बटण दाबून धर; तुला काही होणार नाही, तोवर समोरचे शत्रू बाबा पाहतील. धबधब्याला आलात की बाबांनी आधी थांबायचे, तू वर आलीस की मगच पुढची उडी मारायची, हे त्यांना मी आत्ताच बजावून ठेवते.

दोघांनीही तब्येतीची काळजी घ्यावी. आई, डोळ्यांचे थेंब वेळेवर घालत जा.

तुमची,
लेक