मित्रास पत्र: काकूंच्या कॅसेटमधली खरखर

कोल्हापूर

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. मी जुन्या कॅसेटवरून संगणकावर उतरवून पाठवलेले काकूंचे गाणे इतक्या वर्षांनी ऐकताना डोळे भरून आले असे तू लिहिलेस, आणि त्याच पत्रात विचारलेस की हल्ली संगणकावर सहज निघणारी खरखर मी का राहू दिली. ती निघते. मी एकदा ती काढलीही होती, पण ती फाईल तुला पाठवली नाही. त्याचे कारण नीट सांगायला हवे.

ट्रंकेतल्या त्या कॅसेटने कोल्हापूरचे कितीतरी पावसाळे काढले होते आणि फितीच्या कडांना पांढरी बुरशी धरली होती. ती साफ केल्यावर मी आधी डेकच्या हेडचा, म्हणजे फीत वाचणाऱ्या भागाचा, स्क्रू कणाकणाने फिरवून त्याचा कोन मूळ मुद्रणाशी जुळवला. या एका गोष्टीने काकूंचा आवाज इतका उजळ झाला की खरखर तेवढीच असूनही ती मागे गेली. डॉल्बी बंद ठेवले. आपल्याकडे मिरवणुकीतल्या स्पीकरच्या भिंतींना डॉल्बी म्हणतात, ते हे नव्हे; फितीची खरखर दाबणारी ही सोय आहे, आणि तिच्याविना झालेले मुद्रण ती चालू ठेवून वाजवले तर वरच्या पट्टीतला सगळा तजेला जातो. मग ९६ किलोहर्ट्झ आणि २४ बिटवर फाईल केली. ९० मिनिटांच्या कॅसेटला सुमारे ३ जीबी लागले. त्या मूळ फाईलला मी हात लावलेला नाही आणि लावणारही नाही. पुढचे सगळे प्रयोग तिच्या प्रतीवर केले.

खरखर काढणाऱ्या सॉफ्टवेअरला आधी नुसत्या खरखरीचा नमुना दाखवावा लागतो. मग त्याच्याशी जुळणारे जे जे सापडेल ते सॉफ्टवेअर सगळ्या मुद्रणातून कमी करत जाते. आपल्या गाण्यात हा नमुना घ्यायचा कुठून? काकू श्वास घ्यायला थांबतात तिथे शांतता नसते, तिथे तानपुरा असतो. मी पहिल्यांदा नेमकी तीच जागा नमुना म्हणून दिली. सॉफ्टवेअरच्या लेखी एकसारखा चालणारा आवाज म्हणजे गोंगाट, म्हणून त्याने खरखरीबरोबर तानपुऱ्याची जवारीही, म्हणजे तारांचा तो गुंजता झंकारही, पुसून टाकली. जो काही तानपुरा उरला तो पाण्याखालून बुडबुडे यावेत तसा ऐकू येत होता आणि काकूंचा ‘आ’कार आधाराविना लोंबकळत होता. ते मला सहन झाले नाही. जयपूर घराण्याच्या गायकीत तो अखंड ‘आ’कार हेच सर्वस्व, आणि जिथे अल्लादिया खाँसाहेब शाहू महाराजांच्या दरबारी गायले त्या गावात बसून मी तो बिघडवत होतो.

मग कॅसेट अगदी आरंभापासून पुन्हा ऐकली. माइक सुरू झाल्यावर आणि तानपुरा छेडण्याआधी जेमतेम दोन सेकंद मोकळे आहेत. मध्ये एक कपबशी वाजते. ती वगळून जो तुकडा उरला त्याचा नमुना घेतला आणि खरखर फक्त ६ डेसिबलने उतरवली. याहून जास्त उतरवून पाहिले तेव्हा जे काढले गेले तेवढेच वेगळे करून ऐकले, तर त्यात काकूंचे ‘स’कार आणि श्वास स्पष्ट ओळखू येत होते. टिचक्या काढणारे साधनही मी बंद केले, कारण तबल्याच्या दायाँच्या चाटेवरचा, म्हणजे कडेवरचा, ‘ना’ हा बोल आणि टिचकी यांतला फरक त्याला कळत नव्हता.

बाराव्या मिनिटाला खरखर एकदम वाढते अशी तुझी तक्रार आहे. ती खरखर नव्हे. तो मंगळवार पेठेतल्या तुमच्या जुन्या घराच्या पत्र्यावर पडणारा पाऊस आहे. बैठक श्रावणातली होती, आपण दोघे सोप्याच्या उंबऱ्यावर बसलो होतो. हेडफोन लावून ऐक, पाऊस डावीकडून वाढत येतो.

आता राहिली विजेची घरघर. वीज ५० हर्ट्झची, म्हणून ती घरघर ५०, १०० आणि १५० वर यायला हवी. त्या दिवशी रेकॉर्डर विजेवर लावला होता, म्हणून ती फितीतच उतरली आहे. पण वाजवताना ती ५१.५ वर दिसते. म्हणजे फीत सुमारे ३ टक्के जलद चालते आहे आणि काकूंचा आवाज शेजारच्या दोन पट्ट्यांतल्या अंतराच्या निम्म्याने चढा ऐकू येतो आहे. घरघर आधीच पुसली असती तर हा पुरावाही गेला असता. वेग उतरवल्यावर काकूंचा षड्ज पांढरी पाचच्या, म्हणजे पेटीच्या पाचव्या पांढऱ्या पट्टीच्या, आसपास येतो. तानपुऱ्याची खर्जाची तार मग ९८ हर्ट्झवर पडते आणि घरघर १०० वर. दोघांत केवळ २ हर्ट्झचे अंतर, एकीला कापावे तर दुसरीही जाते. म्हणून मी फक्त ५० वरची घरघर कमी केली.

मात्र त्या काळी विजेची फ्रिक्वेन्सीही खालीवर होत असे, त्यामुळे एवढ्यावर वेग कायम करणे मला बरे वाटत नाही. त्या बैठकीत साथीला होती ती पेटी तुझ्याकडेच आहे ना? तिच्या पट्ट्यांचे सूर एवढ्या वर्षांत थोडे हलले असतील, पण एवढे नव्हेत. भाता हलकेच भरून पांढरी पाच दहा सेकंद धरून ठेव, मोबाईलवर रेकॉर्ड कर आणि पाठव. कॅसेटमधल्या पेटीशी ताडून मगच मी पुढची बाजू साफ करायला घेईन. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
जुना शेजारी