छोटा शिशूच्या पालकांसाठी सूचना

नमस्कार पालकहो,

सोमवार, १५ जूनपासून छोटा शिशूचा वर्ग भरतोय. पहिला आठवडा सकाळी ९ ते १०.३०, पुढे १२ पर्यंत.

रडारड होणार हे धरूनच चला. फाटकाशी टाटा करा आणि निघा. मूल रमलंय बघून गुपचूप सटकू नका, खिडकीतून तर मुळीच डोकावू नका. शांत झालेलं पोर आईचा चेहरा दिसला की पुन्हा भोकाड पसरतं. बहुतेक जण काही आठवड्यांत रुळतात. घरी चिडचिड, कधी चड्डीत शू, हेही चालायचंच.

• डबा मुलाला स्वतः उघडता येईल असाच. पोळीभाजी, पोहे, उपमा चालेल, वेफर्स नकोत.
• दप्तरात कपड्यांचा जादा जोड. रेनकोट द्या, छत्री नको (तलवारबाजी होते). सगळ्यावर नाव.
• न्यायला येणाऱ्यांचे फोटो शुक्रवार, १२ जूनपर्यंत वर्गाच्या ताईंकडे द्या. नोंद नसेल तर सख्ख्या आजोबांकडेही मूल सोडणार नाही, राग मानू नये.

सुरुवातीला गाणी, मणी, माती एवढंच. वही-पेन्सिल आत्ता आणू नका. ताप असेल तर घरीच ठेवा आणि इथे कळवा.