अथेन्सच्या भांड्यांवर काळा रंग नाही

महोदय,

रविवारच्या पुरवणीतील प्राचीन ग्रीक कलेवरच्या लेखात पार्थेनॉन आणि संगमरवरी शिल्पांना ऐसपैस जागा मिळाली. चित्रित भांड्यांची बोळवण मात्र ‘लाल मातीवर काळ्या रंगात रंगवलेली’ एवढ्यावर झाली, आणि तेही चुकीचे आहे. या भांड्यांवर काळा रंग लावलेलाच नाही. भांडे ज्या मातीचे, तिचाच लेप. काळेपणा येतो तो भट्टीत.

अथेन्सच्या परिसरातील मातीत लोह भरपूर असते. ती पाण्यात कालवून ठेवली की जाड कण तळाला बसतात, अतिसूक्ष्म कण वर तरंगत राहतात. वरचे गढूळ पाणी काढून आटवले की लेप तयार. कच्च्या भांड्यावर तो मातीहून थोडाच वेगळा दिसतो. म्हणजे चित्रकाराला आपले चित्र खऱ्या रंगात दिसे ते भट्टी उघडल्यावरच!

भाजणी एकदाच, पण तीन टप्प्यांत. आधी हवा खेळती ठेवून साधारण ८०० अंश सेल्सिअसपर्यंत ताप चढवायचा. सगळे भांडे लाल होते. मग धुराडे झाकून ओले सरपण घालायचे आणि ताप ९०० ते ९५० अंशांवर न्यायचा. भट्टीत ऑक्सिजन उरत नाही, मातीतले लोह ऑक्साइड आपला ऑक्सिजन गमावते आणि सगळे भांडे काळे पडते. याच तापाला बारीक कणांचा लेप वितळू लागून काचेसारखा बंद होतो. भांड्याचे अंग सच्छिद्रच राहते. शेवटी ताप उतरू देत पुन्हा हवा सोडायची. ती अंगात शिरते आणि अंग लाल होते, बंद झालेल्या लेपात शिरत नाही म्हणून तो काळाच राहतो.

दुसरा टप्पा आखूड पडला तर लेप नीट बंद होत नाही आणि शेवटी तोही लालसर होतो. भांडी एकमेकांना चिकटून रचली तर चिकटल्या जागी धूर पोचत नाही. असे तांबूस डाग संग्रहालयांतल्या उत्तम भांड्यांवरही दिसतात. शेवटच्या टप्प्यात ताप फार चढला तर काळा लेपही पुन्हा लाल होऊ लागतो. म्हणून कुंभार भोक पाडलेली खापरे भट्टीत ठेवत आणि आकड्याने मधूनच एखादे ओढून पाहत. हे रसायन १९४२ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ थिओडोर शूमान यांनी उलगडून दाखवले. (विदर्भातील महापाषाणयुगीन थडग्यांतली काळी-तांबडी भांडी वेगळी, त्यांचा काळेपणा मुख्यतः धुरातल्या कार्बनचा.)

कलेचा विकास सांगायचा तर हे तंत्र टाळून चालणार नाही. इ.स.पू. ७००च्या सुमारास कॉरिंथ या ग्रीक शहरात सुरू झालेल्या शैलीत आकृती काळी आणि आतले तपशील टोकदार हत्याराने कोरलेले. अथेन्सचा चित्रकार एक्सेकियस याने व्हॅटिकनमधल्या अँफोरावर (दोन कानांच्या उंच भांड्यावर) फासे खेळणाऱ्या अकिलीस आणि एजॅक्स या ग्रीक पुराणकथांतल्या वीरांचे झगे ज्या बारकाईने कोरले, त्यापुढे त्या शैलीला जायला फारशी जागा उरली नव्हती, असे आम्हाला वाटते. इ.स.पू. ५२५च्या आसपास अथेन्सच्या चित्रकारांनी मांडणी उलटी केली: पार्श्वभूमी काळी, आकृती मातीच्या लाल रंगात. कोरणीच्या जागी कुंचला आला. दाट लेपाची उठावदार रेष बाह्यरेखेला, पाणी घालून पातळ केलेली सोनेरी-तपकिरी रेष स्नायूंना आणि केसांना. वळलेली पाठ किंवा समोरून दिसणारे पाऊल दाखवणे त्यामुळे सोपे झाले. तरी अथेन्सच्या पॅनाथेनिक उत्सवातील खेळांत विजेत्यांना तेल भरून दिले जाणारे अँफोरा पुढेही जुन्याच काळ्या शैलीत रंगवले जात. बक्षिसाच्या बाबतीत अथेन्स परंपरावादीच!

आणखी एक दुरुस्ती. ट्रॉयच्या युद्धात मारला गेलेला वीर सार्पेडॉन याचा मृतदेह उचलून नेतानाचे चित्र असलेल्या क्रेटरच्या (मद्य आणि पाणी मिसळण्याच्या मोठ्या भांड्याच्या) छायाचित्राखाली तो न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात असल्याचे म्हटले आहे. तो २००८ मध्ये इटलीला परत गेला आणि आता तिथल्या चेर्व्हेतेरी गावच्या संग्रहालयात आहे. त्यावर चित्रकार युफ्रोनिओस आणि कुंभार युक्सिथिओस या दोघांच्याही सह्या आहेत. छायाचित्राखाली यांपैकी एकाचेही नाव नाही. ई-आवृत्तीत ती दोन्ही घालावीत.

— मृत्कलेचे दोन अभ्यासक, पुणे