कॅमेऱ्यांची वर्गणी आणि नंतरचा खर्च

महोदय,

चोऱ्यांना आळा बसावा म्हणून रहिवाशांनी वर्गणी काढून वस्तीत सीसीटीव्ही कॅमेरे बसवणे स्वागतार्ह असले, तरी ही वर्गणी बहुधा खरेदीपुरतीच गोळा होते आणि वीज, इंटरनेट, हार्ड डिस्क व देखभाल यांचा दरवर्षीचा खर्च कोणी उचलायचा, हा प्रश्न अनुत्तरित राहतो. साठवणुकीची जागा भरली की जुने चित्रण पुसून त्यावर नवे नोंदले जाते. त्यामुळे तक्रार उशिरा आली तर पुरावा हाती लागत नाही. (बंद पडलेला कॅमेरा मात्र खांबावर दिमाखात मिरवत असतो.) ४० वर्षांतील संशोधनाचा २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेला आढावा सांगतो की, कॅमेऱ्यांमुळे गुन्हे सरासरी सुमारे १३ टक्क्यांनी घटले, वाहनतळांवर हा परिणाम ठळक होता, हिंसक गुन्ह्यांवर मात्र तो लक्षणीय आढळला नाही. तेव्हा पैसे मागणाऱ्यांनी सरसकट सुरक्षिततेची हमी देऊ नये. चित्रण कोण पाहणार, ते किती दिवस ठेवणार आणि कॅमेरा कोणाच्या खिडकीकडे वळणार नाही ना, हे वर्गणी घेण्यापूर्वीच लेखी ठरवावे. वर्गणी न देणाऱ्यांचेही चित्रण होणार असल्याने त्या बैठकीला त्यांनाही बोलवावे.

– एक वाचक